ऑटिस्टिक बंधुभगिनींची सेवा : स्वयंसेवकांसाठी एक पाठ

शास्त्रभाग : मार्क ७:३१–३७, मार्क १०:४६–५२, योहान ९:१–३

या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही जो विषय घेत आहो, त्याचा उल्लेख आपल्या मंडळ्यांत क्वचितच होतो. पुष्कळ गावांत असे एखादे घर असते की ज्यातील आई उपासनेस येत नाही, आणि आली तरी दाराशी बसून पहिल्या गीतानंतर निघून जाते. कारण विचारले तर ती म्हणते, "लेकरू ओरडतं, लोकांना त्रास होतो." तिचे लेकरू पाच-सात वर्षांचे झाले तरी हाक मारली असता वळून पाहत नाही, ढोलकी व झांजा वाजू लागल्या की कानांवर हात दाबून किंचाळते, एखादे चाक तासन्‌तास फिरवीत बसते, आणि प्रश्न विचारला असता उत्तर न देता तोच प्रश्न पुन्हा उच्चारते. गावात कोणी त्याला खुळे म्हणतो, कोणी झपाटलेले म्हणतो, कोणी आईच्या माथी दोष मारतो. अशा पुष्कळ मुलांच्या ठायी जे आहे त्यास वैद्यकशास्त्रात ऑटिझम हे नाव आहे. या मुलांना व मोठ्या माणसांना साह्य करणाऱ्या संस्था आता आपल्या देशात आहेत, आणि त्यांना स्वयंसेवक हवे असतात. त्या सेवेस ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या मनाने व कोणत्या रीतीने जावे, हा आजच्या पाठाचा विषय होय.

१. ऑटिझम म्हणजे काय

ऑटिझम हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे, आणि वेडही नव्हे. ऑटिस्टिक मनुष्याच्या मेंदूची वाढ आरंभापासूनच इतरांहून निराळ्या रीतीने होत असते, आणि हा निराळेपणा जन्मभर त्याच्याबरोबर राहतो. त्यामुळे दुसऱ्याशी बोलणे, मुद्रेवरून त्याचे मन ओळखणे, अचानक झालेला बदल सोसणे, या गोष्टी त्यास कठीण जातात. आवाज, उजेड, वास, कापडाचा स्पर्श हे कोणास फार तीव्र जाणवतात, तर कोणास फार मंद. हात फडफडविणे, अंग डोलविणे, एकच वस्तू पुन्हा पुन्हा फिरविणे, हे खोडसाळपणाने होत नसते. पुष्कळदा त्यायोगे तो मनुष्य आपले मन शांत करीत असतो.

सर्व ऑटिस्टिक माणसे एकसारखी नसतात. कोणी मुळीच बोलत नाही आणि त्यास स्नान-जेवणातही जन्मभर मदत लागते. कोणी उत्तम बोलतो, शिकतो व नोकरी करतो, परंतु चारचौघांत बसला की थकून जातो. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या विदुषी १९४७ साली जन्मल्या. लहानपणी त्या उशिरा बोलू लागल्या. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. गुरे कशास बिचकतात हे बारकाईने पाहून, गुरांना न भेडसावता हाकता यावे अशा वाटा व गोठे त्यांनी आखले. लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, अशा ज्या क्षुल्लक गोष्टी इतरांच्या नजरेतून सुटत, त्या त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. ज्यांच्या घरी बैल आहेत त्या वाचकांना या गोष्टीचे मोल सांगावयास नको. तथापि आम्ही हे उदाहरण एवढ्याचकरिता देतो की निराळी घडण म्हणजे निव्वळ उणेपणा नव्हे हे समजावे. ज्या लेकरापाशी असा कोणताही गुण दिसत नाही, तेही देवाच्या प्रतिरूपाचेच आहे. त्याचे मोल गुणांवरून ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक ऑटिस्टिक होता. तेव्हा ही गोष्ट दूरच्या शहरांपुरती आहे असे कोणी समजू नये.

येथे शब्दांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. त्या शब्दावरून असे वाटते की हा मनुष्य स्वतःतच बुडालेला आहे आणि त्यास दुसऱ्या कोणाची पर्वा नाही. तसे नसते. पुष्कळ ऑटिस्टिक माणसांना सोबत हवी असते, माया समजते, निंदाही समजते. ती दाखविण्याची त्यांची रीत मात्र निराळी असते. यास्तव आम्ही या पाठात 'ऑटिस्टिक' हाच शब्द वापरतो. आणि 'खुळा', 'वेडसर' हे शब्द तर मंडळीच्या तोंडी मुळीच नसावेत.

२. दोष कोणाचा?

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध मनुष्याकडे पाहून प्रभूला विचारतात की हे कोणाच्या पापाचे फळ, त्याच्या की त्याच्या आईबापांच्या? प्रभु दोन्ही पर्याय नाकारतो. शिष्यांची दृष्टी मागे, दोषाकडे होती. प्रभूची दृष्टी पुढे, देवाचे काम या मनुष्याच्या ठायी कसे प्रगट होईल याकडे होती.

हा शिष्यांचा प्रश्न केवळ अडाणी लोकच विचारतात असे नाही. मोठमोठ्या पंडितांनीही तो विचारला आहे. १९४३ साली बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून ऑटिझमचा निराळा अभ्यास होऊ लागला. परंतु पुढील काळात असे मत पसरले की आईची माया थंड असल्यामुळे मूल असे होते. शिकागो येथील ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून त्या मतास बळ दिले. कित्येक मातांनी लेकराचा भार वाहता वाहता हा आरोपही वाहिला. वास्तविक १९६४ सालीच बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, हे मत निराधार असून ऑटिझमचे मूळ शरीराच्या घडणीत आहे असे प्रतिपादिले होते. आज शास्त्रज्ञांचा निर्णय तोच आहे. यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. आईच्या वागणुकीने ऑटिझम होत नाही.

बाळास टोचलेल्या लशीमुळेही तो होत नाही. १९९८ साली इंग्लंडातील एका वैद्यकीय नियतकालिकात गोवराच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा लेख आला होता. तो सदोष व अप्रामाणिक ठरल्यामुळे २०१० साली त्या नियतकालिकानेच मागे घेतला. या अफवेमुळे कोणी आपल्या बाळाची लस चुकवू नये.

आता भुताखेतांविषयी. काही बंधू म्हणतील की शुभवर्तमानात भुते काढल्याच्या गोष्टी आहेत. होय, आहेत. परंतु प्रभूने कोणा पीडिताला मारले, बांधून ठेवले, उपाशी ठेवले किंवा धुरी दिली असे एकाही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. ऑटिस्टिक लेकराचे ओरडणे हे पुष्कळदा वेदनेचे, भीतीचे किंवा असह्य गोंगाटाचे लक्षण असते. त्यास भूत समजून मारणे हे क्रौर्य आहे. आणि भूत उतरविण्याच्या नावाने मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे. मग ते करणारा भगत असो की पवित्र शास्त्र हाती घेतलेला कोणी असो.

रोगमुक्तीच्या सभांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. लेकरासाठी प्रार्थना अवश्य करावी. त्याच्या झोपेसाठी, आईच्या बळासाठी, चांगल्या शिक्षकासाठी करावी. परंतु "विश्वास असेल तर अमुक दिवशी मूल बोलेल" असे वचन कोणाही उपदेशकाने देऊ नये, कारण ते मूल बोलले नाही म्हणजे आईच्या विश्वासावर बोट ठेवले जाते, आणि शिष्यांचा तो जुना आरोप नव्या वेषात परत येतो. काही ऑटिस्टिक माणसांना आकडीही येते. सभेच्या भरात आकडीचे औषध एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. औषधाविषयी जे ठरवावयाचे ते डॉक्टरांनी ठरवावे.

३. प्रभु त्यास गर्दीपासून दूर नेतो

मार्काच्या सातव्या अध्यायातील मनुष्य बहिरा व तोतरा होता. तो ऑटिस्टिक होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रभूने त्याच्याशी केलेले वर्तन स्वयंसेवकाने शब्दाशब्दाने अभ्यासावे. लोकांनी त्यास आणून, त्याच्यावर हात ठेव, अशी विनंती केली. लोकांना चमत्कार डोळ्यांनी पाहावयाचा होता. प्रभूने प्रथम काय केले? त्यास लोकसमुदायापासून वेगळे नेले. ज्यास ऐकू येत नाही त्याला गर्दीच्या मध्यभागी उभे करणे म्हणजे त्याचा तमाशा करणे होय, हे प्रभूने जाणले. मग त्याने त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर पाहिले व उसासा टाकला. जो ऐकू शकत नव्हता, त्याच्याशी प्रभु त्यास समजेल अशा खुणांनी बोलला.

यातून दोन धडे निघतात. पहिला हा की ऑटिस्टिक मनुष्यास साह्य करताना आधी गोंगाट कमी करावा. लेकरू अनावर होऊन जमिनीवर पडले, तर दहा जणांनी भोवती जमून दहा सल्ले देऊ नयेत. त्यास इजा होईल अशा वस्तू बाजूला कराव्या, पाहणाऱ्यांना दूर न्यावे, आवाज व उजेड कमी करावा, आणि एकाच ओळखीच्या माणसाने थोड्या शब्दांत, सावकाश बोलावे. अशा वेळी शिक्षा करून काही साधत नाही. ते हट्ट करीत नसून त्याची सहनशक्ती संपलेली असते.

दुसरा धडा हा की त्याची भाषा आपण शिकावी. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७२ साली एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने एक शिक्षणपद्धती चालू झाली. तिचे सूत्र असे की जे कानाने नीट ग्रहण होत नाही ते डोळ्यांपुढे मांडावे, आणि आईबापांस दोषी न मानता शिक्षकांचे सहकारी मानावे. त्या पद्धतीतील व तत्सम युक्ती आज आपल्या देशातील शाळांतही दिसतात. भिंतीवर चित्रे ओळीने लावलेली असतात : चप्पल काढणे, हात धुणे, चित्र रंगविणे, खाऊ, घर. एक काम झाले की ते चित्र काढून डबीत टाकावयाचे. पुढे काय होणार हे दिसत असले म्हणजे मुलाची भीती कमी होते. जे बोलत नाही ते मूल पाण्याचे चित्र हातात देऊन पाणी मागते. गावातील पाटी-खडूनेही हे होऊ शकते; त्यास धन लागत नाही.

४. प्रभु आधी विचारतो

दहाव्या अध्यायात बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. त्यास काय हवे असेल हे कोणीही सांगितले असते. तरी प्रभूने त्यास, तुझी इच्छा काय आहे, असे विचारले. ज्यास लोक गप्प बसवीत होते त्यास प्रभूने बोलते केले.

दान देणाऱ्याच्या मनात नकळत असा गर्व शिरतो की समोरच्याला काय पाहिजे ते आपणास कळते. म्हणून पहिल्याच दिवशी मिठाईचे पुडे, जुने कपडे व फुगे घेऊन जाण्याचा मोह होतो. फुगा फुटला की ते लेकरू आठवडाभर त्या खोलीत पाऊल टाकीत नाही! याहून आईजवळ बसून एवढे विचारावे, "ताई, याला काय आवडतं? कशाची भीती वाटते? आम्ही कसं वागलं तर याला बरं वाटेल?" आणि जो स्वतः सांगू शकतो, बोलून, लिहून किंवा चित्राकडे बोट दाखवून, त्यास प्रथम विचारावे, तो समोर असता त्याच्याविषयी इतरांशी बोलू नये. तो डोळ्यांना डोळा न देता ऐकत असेल. म्हणून त्याची हनुवटी धरून 'इकडे बघ' असे करू नये. उत्तरास वेळ लागतो. तो वेळ द्यावा. ऑटिस्टिक मूल पुढे ऑटिस्टिक पुरुष किंवा स्त्री होते हेही विसरू नये. तिशीतल्या मनुष्याशी लाडेलाडे बोलणे हा त्याचा अपमान होय.

५. या संस्था कशा उभ्या राहिल्या

ऑटिस्टिक लोकांसाठी झालेले पुष्कळसे कार्य धनवंतांनी किंवा सरकारने प्रथम आरंभिलेले नाही. ज्यांना कोठेच दाद मिळाली नाही अशा आईबापांनी ते आरंभिले. लंडन येथे १९६२ साली काही पालकांनी एकत्र येऊन जी संस्था काढली तीच आज नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी या नावाने ओळखली जाते. आपल्या देशात दिल्ली येथे १९९१ साली मेरी बरुआ या मातेने इतर पालकांसह ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था स्थापिली. १९९४ साली तिची ओपन डोअर ही शाळा निघाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही पालकांनी व शिक्षकांनी चालविलेली केंद्रे आहेत.

या लोकांच्या खटपटीचे फळ कायद्यातही दिसते. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत ऑटिझमही आहे. म्हणजे जे मागावयाचे ते आता भिक्षा नसून हक्क आहे.

अशा संस्थेत जो स्वयंसेवक जातो तो रिकाम्या शेतात पहिला नांगर घालीत नाही. दुसऱ्यांनी अश्रूंनी पेरलेल्या शेतात तो गडी म्हणून जातो. त्याने तेथे मालकाच्या थाटाने जाऊ नये.

६. स्वयंसेवकाचे काम व त्याची मर्यादा

तेथे काय काम असते? पुष्कळदा अगदी साधे. शिक्षिका एका मुलाला शिकवीत असता दुसऱ्याजवळ बसणे. चित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटविणे. मुलांबरोबर बाजारात, बागेत किंवा बसमध्ये जाणे. मोठ्या मुलांना कागदी पिशव्या करण्यात किंवा रोपांना पाणी घालण्यात सोबत करणे. आईला दोन तास विसावा मिळावा म्हणून तिच्या लेकराबरोबर थांबणे. हिशेब लिहिणे, झाडलोट करणे. या कामांची वार्ता वर्तमानपत्रात येत नाही. परंतु रात्ररात्र जागणाऱ्या आईला मिळालेले दोन तास म्हणजे काय, हे तिलाच विचारावे.

प्रथम शिकावे, मग सेवा करावी. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ति मिशनात अंध स्त्रियाही होत्या. त्यांच्याकरिता रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी आधी स्वतः ब्रेल लिपी शिकून घेतली, आणि मग ती त्यांना शिकविली. केवळ कळवळ्याने अंधांस वाचता आले नसते. त्याचप्रमाणे संस्था जे प्रशिक्षण देईल ते नम्रपणे घ्यावे, आणि पदवीधरानेही आईच्या अनुभवापुढे शिष्य व्हावे.

काही मर्यादा आहेत, त्या कसोशीने पाळाव्या. संस्था ओळखीचे कागद, शिफारस किंवा पोलिसांकडील पडताळणी मागेल. त्यात अपमान मानू नये. जी मुले आपल्यावर झालेला अन्याय सांगू शकत नाहीत त्यांच्या रक्षणार्थ ते आवश्यक असते. बंद खोलीत मुलाबरोबर एकट्याने राहू नये. कपडे बदलणे व शौचास नेणे ही कामे नेमलेल्या माणसांनीच करावी. कोठे काही वावगे दिसले तर ते झाकून न ठेवता जबाबदार अधिकाऱ्यास ताबडतोब कळवावे. घराघरांतील गोष्टी बाहेर बोलू नये. आणि परवानगीवाचून मुलाचे छायाचित्र काढून मोबाइलवरून पसरवू नये, मंडळीच्या अहवालासाठीही नाही. ज्याने बहिऱ्याला गर्दीपासून दूर नेले त्या प्रभूचे आपण सेवक आहो.

आणखी एक गोष्ट उपदेशक बंधूंना विशेषकरून सांगावीशी वाटते. अशा संस्थेत हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशा सर्व घरांची मुले असतात. तेथे स्वयंसेवक म्हणून जाणारा ख्रिस्ती मनुष्य पत्रके घेऊन जात नाही, आणि आईच्या थकव्याचा लाभ घेऊन तिच्यापुढे धर्माची गोष्ट काढीत नाही. अडचणीत सापडलेल्याला मदत देताना मोबदल्यात त्याचे मन मागणे ही प्रीती नव्हे. कोणी आपण होऊन विचारले तर आपल्या आशेचे कारण सौम्यतेने सांगावे. न विचारले तर वेळेवर जावे, काम करावे व परत यावे. तीही साक्षच आहे.

७. शब्दाला जागणे

आता या पाठाचा मुख्य मुद्दा. स्वयंसेवकांत उत्साहाची वाण क्वचितच असते. वाण असते ती नेमाची. दरवर्षी २ एप्रिल रोजी जागतिक ऑटिझम जागरूकता दिन पाळतात. संयुक्त राष्ट्रांनी तो २००७ साली ठरविला व २००८ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी फळे वाटली जातात, भाषणे होतात. ३ एप्रिलला कोण येतो, हा खरा प्रश्न आहे.

ज्या मुलाला रोजचा क्रम बदलला असता असह्य होते, त्याच्या भिंतीवर शनिवारच्या चित्रांत आपले छायाचित्र लावले जाते. ते लेकरू शुक्रवारपासून त्या चित्राकडे पाहत असते. आपण काही कारणाने गेलो नाही, तर आपल्या दृष्टीने एक फेरी चुकली. त्याच्या दृष्टीने जगाची घडी विस्कटली. ते रडते, स्वतःच्या हाताला चावते, आणि आईचा सारा दिवस त्यास सावरण्यात जातो. मग सहा महिने ओळख करून घेऊन आपण एके दिवशी न सांगता जाणे सोडले, तर आपण न गेलो असतो तेच बरे होते.

प्रभूने डोंगरावर शिष्यांना शिकविले की तुमचा होकार खरा होकार असावा, शपथेची गरज पडू नये. ही आज्ञा पाळण्यास यापेक्षा योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. म्हणून थोडेच कबूल करावे, आणि जे कबूल केले ते पाळावे. आठवड्यातून एकच तास, परंतु तोच वार, तीच वेळ, आणि निदान एक वर्ष. जाणे होणार नसेल तर आधी कळवावे, म्हणजे भिंतीवरचे चित्र वेळेवर बदलता येते. सेवा थांबवावयाची असेल तर काही आठवडे आधी सांगून, आपल्या जागी येणाऱ्याची ओळख करून देऊन निरोप घ्यावा. असा नेमाचा मनुष्य फारसे बोलला नाही, त्यास गाणे-बजावणे आले नाही, तरी त्या लेकराच्या जगात तो एक खांब होतो.

८. जेथे संस्था नाही तेथे मंडळीने काय करावे

पुष्कळ वाचक म्हणतील, आमच्या तालुक्यात अशी संस्था नाही. तरीही करण्याजोगे बरेच आहे.

पहिले, घराला योग्य दारापर्यंत पोचवावे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघर येथे सुरू झाला. ऑटिझमची लक्षणे पाहणे हे त्या तपासणीत येते. अंगणवाडीताई किंवा आशाताई यांच्याकडे चौकशी करून मुलास पुढील तपासणीस न्यावे. दाखला मिळाला म्हणजे पुढची वाट खुली होते. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांस विनामूल्य शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे, आणि राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. हे कागद भरणे अशिक्षित मजुराला डोंगराएवढे वाटते. ज्यास लिहिता-वाचता येते असा एक उपदेशक त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या गावी दोन खेपा करील, तर ती उत्तम स्वयंसेवा होय.

दुसरे, उपासनेत जागा करावी. दाराजवळची एक चटई त्या कुटुंबासाठी राखून ठेवावी. ध्वनिक्षेपकाचा आवाज उतरवावा. ढोलकी वाजण्यापूर्वी आईस खूण करावी. मूल उठून फिरू लागले तर कोणी माना वळवून पाहू नये. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिले त्याचा आशय असा की शरीराचे जे अवयव अशक्त वाटतात तेच अत्यंत गरजेचे आहेत. हे वचन पाठ म्हणणे सोपे आहे. रविवारी त्यास चटईएवढी जागा देणे हा त्याचा खरा अभ्यास.

तिसरे, दोन-तीन घरांनी त्या आईबरोबर वार वाटून घ्यावे. एकीने मंगळवारी सायंकाळी तासभर लेकराजवळ बसावे, दुसरीने शुक्रवारी. प्रथम आईच्या समोर, मुलाची ओळख होईपर्यंत. मग आई विहिरीवर, बाजारात किंवा नुसती निजावयास जाऊ शकेल. संस्था म्हणजे इमारत नव्हे. जेथे चार माणसे नेमाने एकमेकांचा भार वाहतात, तेथे तिचा आरंभ झालाच.

ज्यांचे मन हा पाठ वाचून हलले असेल त्यांना आमची एक विनंती आहे. उपासनेतच उभे राहून नाव देऊ नका. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने सांगितले आहे. घरी जा, शेतीची कामे, घरची दुखणी, लग्नसराई, सणवार या सर्वांचा विचार करा, घरच्या माणसांस विचारा, आठ दिवस प्रार्थना करा. त्यानंतरही आठवड्याचा एक तास वर्षभर देता येईल असे वाटले तर आपल्या पाळकांस जाऊन सांगा. दहा जणांच्या जयघोषापेक्षा अशा एकाच्या होकाराने देवाचे काम पुढे जाईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. मार्क ७:३३ मध्ये प्रभूने त्या मनुष्यास समुदायापासून वेगळे का नेले असावे? आपल्या मंडळीत एखाद्याचे दुःख नकळत तमाशा होते काय?

२. योहान ९:१–३ वाचून सांगा : शिष्यांचा प्रश्न आपल्या गावात आज कोणत्या शब्दांत विचारला जातो? त्यास आपण काय उत्तर द्यावे?

३. प्रभूने बार्तीमयास त्याची इच्छा विचारली. आपण मदत करताना न विचारता काय काय गृहीत धरतो?

४. आपल्या उपासनेतील कोणत्या दोन गोष्टी बदलल्या तर गोंगाट न सोसणाऱ्या लेकराच्या घरास येता येईल?

५. आठवड्यातून एक तास, एक वर्ष : आपल्या मंडळीत हे वचन कोण पाळू शकेल, आणि ते पाळता यावे म्हणून इतरांनी त्याचे कोणते काम उचलावे?